दाबोळी की मोपा : गोव्याचे दोन विमानतळ, कोणता कोणाच्या कामाचा

गोव्याचं विमान तिकीट काढताना दराच्या आधी तीन अक्षरं बघावीत. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. तिकीट विकणाऱ्या साइटवर ‘गोवा’ टाकलं की दोन्हींची उड्डाणं एकाच यादीत येतात, स्वस्त असेल ते वर. पण या दोन विमानतळांमध्ये रस्त्याने साठ किलोमीटरहून जास्त अंतर आहे, आणि वाटेत कोलवाळचा, मांडवीचा आणि झुआरीचा असे तीन पूल लागतात. आठशे रुपये वाचवून काढलेलं तिकीट टॅक्सीत तीन हजारांनी महाग पडतं ते इथेच.

निकाल आधीच सांगतो. मडगाव, वास्को, कोलवा, बाणावली, काणकोण, कारवार या बाजूला जायचं असेल तर दाबोळी. पेडणे, म्हापसा, हरमल, कळंगुट, डिचोली आणि सगळा सिंधुदुर्ग यांच्यासाठी मोपा. पणजी मधोमध पडते : दाबोळीहून साधारण तीस किलोमीटर, मोपाहून पस्तीस. पणजीकरांनी अंतराचा विचार सोडावा आणि विमानाची वेळ बघून ठरवावं. वेळ का महत्त्वाची, हे कळायला दाबोळीचा जन्म कशातून झाला ते माहीत असावं लागतं. या विमानतळाच्या जवळपास प्रत्येक तक्रारीचं मूळ त्याच्या इतिहासात आहे.

दाबोळीची धावपट्टी नाकेबंदीतून आली. १९५४-५५ मध्ये भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक कोंडी केली, जमिनीवरच्या वाटा एकामागून एक बंद झाल्या. मुरगाव बंदर होतं, पण बोटीला दिवस लागत. म्हणून मुरगावच्या पठारावर घाईने धावपट्टी उभी राहिली आणि मे १९५५ मध्ये ती वापरात आली. तिला तेव्हाचे गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदिश यांचं नाव दिलं होतं. ‘ट्रान्सपोर्तिश आएरेउश द इंदिया पोर्तुगेझा’, थोडक्यात ‘ताईप’, ही गोव्याची स्वतःची विमान कंपनी इथून दमण, दीव आणि कराचीला जात असे. पुढे तिची विमानं मुक्काम करत करत लिस्बनपर्यंत जाऊ लागली. मुंबई एवढी जवळ, पण विमान मात्र कराचीला! राजकारण भूगोलाला कसं वाकवतं याचा याहून चांगला नमुना कोकणपट्टीत सापडणार नाही.

१८ डिसेंबर १९६१च्या सकाळी पुण्याहून उडालेल्या भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. आदेश नेमका होता : धावपट्टी निकामी करा, टर्मिनल आणि नियंत्रण मनोरा सोडा. तसंच झालं. त्या रात्री पोर्तुगिजांनी खड्डे जेमतेम बुजवले आणि उरलेल्या तुकड्यावरून दोन प्रवासी विमानं अंधारात निसटली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. एप्रिल १९६२ मध्ये विमानतळ नौदलाच्या ताब्यात आला, १९६४ मध्ये नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ हा तळ कोईंबतूरजवळच्या सुलूरहून इथे हलला, आणि १९६६ पासून दुरुस्त धावपट्टीवर इंडियन एअरलाइन्सची प्रवासी विमानं उतरू लागली.

म्हणजे दाबोळी हा नौदलाचा तळ आहे, आणि त्याच्या एका कोपऱ्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं प्रवासी टर्मिनल आहे. जमीन मुख्यतः नौदलाची, धावपट्टी नौदलाची, मनोऱ्यात बसून विमानांना परवानगी देणारेही नौदलाचेच. प्रवासी इथे भाडेकरू आहे. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

पहिली गोष्ट वेळेची. सोमवार ते शुक्रवार, सकाळी साधारण साडेआठ ते दुपारी एकच्या सुमारापर्यंत धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखीव असते. वर्षांगणिक या वेळेत थोडीफार ढील मिळाली, पण मूळ चौकट तीच आहे. परिणामी नागरी विमानं पहाटे, दुपारी आणि रात्री दाटीवाटीने येतात. शनिवार-रविवारी हे बंधन नसतं, म्हणून तेव्हा वेळापत्रक जरा ऐसपैस दिसतं. कामाच्या दिवशी सकाळी अकराचं विमान हवं असेल तर ते दाबोळीत शोधू नये, मोपात शोधावं. आणि दाबोळीहून दुपारी दीड ते चारच्या दरम्यानचं उड्डाण असेल तर बॅगा देण्याच्या आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेसाठी अर्धा तास जादा धरावा, कारण त्या तासांत सकाळभर अडलेली वाहतूक एकदम सुटते. टर्मिनल लहान म्हणून गर्दी होते असं अनेकांना वाटतं. खरं तर गर्दी होते ती वेळापत्रकातल्या त्या भोकामुळे.

दुसरी गोष्ट एकुलत्या एका धावपट्टीची. भारतात बहुतेक विमानतळांना एकच धावपट्टी असते, त्यात नवल नाही. पण इथे तिच्यावर लढाऊ विमानंही चालतात, आणि त्यांच्यातलं एखादं अडलं की प्रवासी विमानंही अडतात. ३ जानेवारी २०१८ रोजी नौदलाचं मिग-२९के धावपट्टीवरून घसरलं, आग लागली, विमानतळ बंद झाला. ८ जून २०१९ रोजी उड्डाण करणाऱ्या मिग-२९केची इंधनाची जादा टाकी सुटून धावपट्टीवर पडली आणि पेटली, पुन्हा काही तास सगळं ठप्प. प्रवासी विमानांकडूनही झालं आहे : २७ डिसेंबर २०१६च्या पहाटे मुंबईला निघालेलं एक बोईंग ७३७ वेग घेताना गर्रकन फिरून धावपट्टीबाहेर गेलं. अशा वेळी विमानं वळवून दुसरीकडे नेतात, आणि मोपा सुरू होईपर्यंत हे ‘दुसरीकडे’ म्हणजे मुंबई, बंगळूर, हैदराबाद असं लांबचं असायचं. आता दोन्ही विमानतळ एकमेकांना आधार देऊ शकतात. या जोडीचा हा फायदा फारसा कुणी बोलून दाखवत नाही, पण प्रवाशाच्या दृष्टीने तो मोठा आहे.

त्यातच दाबोळीला बराच काळ धावपट्टीला समांतर, पूर्ण लांबीचा टॅक्सी-वे नव्हता. टॅक्सी-वे म्हणजे विमानाने धावपट्टी मोकळी करून चालत जायचा रस्ता. तो नसला की उतरलेलं विमान धावपट्टीवरच वळून मागे येतं, आणि तोवर वर घिरट्या घालणारं दुसरं विमान थांबतं. ‘गोव्यावर पोचलो पण उतरेना’ ही जुन्या प्रवाशांची तक्रार यातूनच आली. विमानांना रात्री मुक्कामाला जागा देण्याचीही दाबोळीत अडचण होती. त्यामुळे पहाटे गोव्याहून निघणारं विमान आधी दुसऱ्या शहरातून यावं लागे, आणि तिथे उशीर झाला की इथला पहिला फेराही उशिरा.

या सगळ्या अडचणींतही दाबोळी वाढला, आणि वाढला तो परदेशी चार्टरमुळे. १९८७ मध्ये जर्मनीच्या कोंडोरचं चार्टर इथे उतरलं. मग ब्रिटन आला, आणि नंतर रशिया. चार्टर म्हणजे पर्यटन कंपनीने अख्खं भाड्याने घेतलेलं विमान, ज्यात विमान, हॉटेल, बस सगळं एकाच पाकिटात विकलेलं असतं. ऑक्टोबर ते एप्रिल-मे हा त्यांचा हंगाम. भारतात येणाऱ्या चार्टरपैकी मोठा वाटा वर्षानुवर्षं एकट्या दाबोळीचा होता. डिसेंबर २०१३ मध्ये देशी आणि आंतरराष्ट्रीय प्रवाशांना एकत्र घेणारं नवं टर्मिनल सुरू झालं तेव्हा कुठे त्या गर्दीला छप्पर मिळालं. २०१८-१९ पर्यंत वर्षाला ८० लाखांहून जास्त प्रवासी इथून जाऊ लागले होते. त्यानंतर ‘दुसरा विमानतळ कशाला’ हा प्रश्न आकड्यांच्या पातळीवर तरी मिटला.

दाबोळीचं टर्मिनल आज कसं आहे? नीटनेटकं, सरकारी चवीचं, आणि आटोपशीर. हाच त्याचा मोठा गुण. दारातून गेटपर्यंत चालणं कमी, वयस्क माणसांना आणि लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांना सोयीचं. २०२४ पासून डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडण्याची सोय, आहे. फोनवर आधीच नोंदणी करून बोर्डिंग पास ॲपमध्ये चढवून ठेवला तर दारावरची रांग टळते. खाण्याच्या बाबतीत मात्र अपेक्षा ठेवू नयेत. बाहेर चिखलीच्या तिठ्यावर किंवा वास्कोत जेवून आत शिरलेलं बरं. विमानातून किंवा धावपट्टीजवळून नौदलाच्या विमानांचे, हँगरचे फोटो काढू नयेत. संरक्षण खात्याच्या तळांवर त्याला मनाई आहे आणि ही मनाई नुसती फलकापुरती नसते.

आणि हातात तीन तास असतील तर टर्मिनलमध्ये बसू नये. बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ पासून. आवारात सी हॉक आणि अलिझे ही जुनी विमानं उभी आहेत आणि एक अख्खं सुपर कॉन्स्टेलेशन आहे, आधी एअर इंडियाचं, मग हवाई दलाचं, शेवटी नौदलाचं. १९६१च्या त्या रात्री निसटलेल्या दोन विमानांपैकी एक याच जातीचं होतं. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेवढं लक्षात ठेवावं. मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नये, ठेवायला सोय मिळेलच असं नाही.

आता मोपा.

पेडणे तालुक्यातला मोपाचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट माथं, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. केंद्रीय मंत्रिमंडळाने इथल्या विमानतळाला मान्यता दिली २००० साली. तेव्हाच्या निर्णयात एक अट होती : मोपा सुरू झाला की दाबोळीची नागरी वाहतूक बंद. ही अट पुढे बदलली आणि दोन्ही चालू ठेवायचं ठरलं, पण दक्षिण गोव्याच्या मनातली धास्ती त्याने गेली नाही. विमानं उत्तरेला गेली की हॉटेलं, टॅक्सी, मासळीबाजार, सगळ्याचं गणित सरकतं, हे तिथल्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे ‘मोपा की दाबोळी’ हा गोव्यात वीस वर्षं निवडणुकीचा विषय राहिला.

भूमिपूजन १३ नोव्हेंबर २०१६ रोजी झालं. काम जीएमआर समूहाच्या कंपनीला मिळालं, चाळीस वर्षांच्या सवलत करारावर. बांधायचं, चालवायचं आणि उत्पन्नातला ३६.९९ टक्के हिस्सा गोवा सरकारला द्यायचा, असा सौदा. मध्येच २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी स्थगित केली. सड्यावरची झाडी, तिथून उगम पावणारे ओहोळ, खालच्या गावांचं पाणी यांचा अभ्यास नीट झालेला नाही हा आक्षेप होता. १६ जानेवारी २०२० रोजी अटींसह स्थगिती उठली. हा आक्षेप उगाच नव्हता हे सडा पाहिलेल्याला सांगावं लागत नाही : जांभा पावसाचं पाणी स्पंजासारखा पितो आणि उताराला झऱ्यांच्या रूपाने सोडतो. वर काँक्रीट झालं की ते पाणी जिरायचं सोडून वाहतं. विमानतळात पावसाचं पाणी साठवण्याची सोय आहे. तिचा खरा हिशेब पायथ्याच्या गावांच्या विहिरीच देतील.

सुमारे २,८७० कोटी रुपये खर्चून बांधलेल्या या विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं, मनोहर पर्रीकर यांचं नाव त्याला दिलं गेलं, आणि ५ जानेवारी २०२३ रोजी हैदराबादहून आलेलं इंडिगोचं विमान इथे पहिलं उतरलं. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची आणि पुढे टप्प्याटप्प्याने ३ कोटी ३० लाखांपर्यंत नेण्याची योजना आहे. पहिल्या पूर्ण आर्थिक वर्षातच प्रवासी ४० लाखांपलीकडे गेले. जुलै २०२३ मध्ये एअर इंडियाचं लंडन-गॅटविकचं उड्डाण दाबोळीहून इथे हललं, जून २०२४ मध्ये कतार एअरवेजचं दोहाचं. आखातात नोकरी करणाऱ्या गोवेकर-सिंधुदुर्गकरांना हा बदल सगळ्यात जास्त जाणवला. सावंतवाडी-कुडाळकडच्यांचा फायदा झाला. मडगावकडच्या सालसेत तालुक्यातल्या घरांना मात्र पहाटेच्या विमानासाठी आता मध्यरात्री निघावं लागतं.

टर्मिनल म्हणून मोपा दाबोळीच्या पुष्कळ पुढे आहे, यात वाद नको. उंच छत, भरपूर उजेड, भिंतींवर आझुलेजो म्हणजे पोर्तुगीज वळणाच्या निळ्या-पांढऱ्या चित्रफरश्या, आपली बॅग आपणच यंत्रावर देण्याची सोय. विमानांना रात्री मुक्कामाला जागा आहे, त्यामुळे पहाटेची पहिली विमानं इथूनच तयार होऊन निघतात आणि वेळ पाळण्याची शक्यता जास्त. नौदलाचं बंधन नसल्यामुळे सकाळची उड्डाणंही भरपूर. दुकानं आणि खाणं सढळ आहे, दरही तितकेच सढळ. गोव्याचं म्हणून जे विकतात त्यातलं बरंच म्हापशाच्या बाजारात निम्म्या किमतीत मिळतं. काजू तर विमानतळावर घेऊच नयेत.

मोपाची दुखरी बाजू म्हणजे हवामान आणि रस्ता.

सडा समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास उंच आहे. पावसाळ्यात खाली पेडण्यात पाऊस दिसतो तेव्हा वर ढग धावपट्टीवर टेकलेले असू शकतात. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजांचा जोर असतो. २२ मे २०२४ रोजी संध्याकाळी वीज कोसळून धावपट्टीच्या कडेचे दिवे बंद पडले आणि सहा विमानं वळवावी लागली. यातून प्रवाशाने घ्यायचा धडा साधा आहे : मे आणि ऑक्टोबरात सकाळचं विमान, जून ते ऑगस्टात शक्यतो दुपारच्या आसपासचं. पुढे जोडउड्डाण असेल तर मध्ये तीन तास तरी ठेवावेत आणि दोन्ही एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, घ्यावीत. वेगळ्या तिकिटांवर पहिलं विमान वळवलं गेलं तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं.

रस्त्याचं म्हणाल तर सुरुवातीला मोपाला जायचं म्हणजे गावातल्या अरुंद वळणांतून जायचं. २०२४ मध्ये धारगळजवळून राष्ट्रीय महामार्ग ६६ ला जोडणारा सहापदरी रस्ता खुला झाला आणि शेवटचा टप्पा एकदम सुखाचा झाला. आता अडचण आहे ती त्याआधीची : पणजी-म्हापसा पट्ट्यात पर्वरीला पाच किलोमीटरचा उड्डाणमार्ग बांधायला घेतला आहे. काम चालू असेपर्यंत पणजीहून मोपाला नकाशा पन्नास मिनिटं दाखवत असेल तर दीड तास धरावा. उलट दाबोळीची वाट सुधारली आहे. आगशी ते कुठ्ठाळी हा झुआरीचा नवा केबलचा पूल डिसेंबर २०२२ मध्ये अर्धा आणि डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण सुरू झाला. जुन्या पुलावर तासभर अडकण्याच्या कथा आता आठवणीत गेल्या. म्हणजे पणजीकराला कागदावर दोन्ही सारखे वाटले तरी पर्वरीचं काम संपेपर्यंत दाबोळीचा रस्ता जास्त भरवशाचा.

उतरल्यावर काय? गोव्यात ओला-उबर चालत नाहीत, हे बाहेरून येणाऱ्या अर्ध्या लोकांना विमानातून उतरल्यावर कळतं. दाबोळीला प्रीपेड टॅक्सीचा काउंटर आहे, मोपाला निळ्या टॅक्सींचा. २०१८ पासून गोवामाइल्स हे ॲप आहे, आणि स्थानिक टॅक्सीवाल्यांशी त्याचं भांडण कधी मिटलेलं नाही, त्यामुळे गाडी कुठून चढायची हे ॲपवर बुक केल्यावर चालकाला फोन करून विचारून घ्यावं. भाडं आधी ठरवावं, रात्रीचा जादा आकार आहे का तेही विचारावं. सगळ्यात स्वस्त पर्याय कदंब या गोव्याच्या सरकारी बससेवेचा. मोपाहून पणजी, म्हापसा, मडगाव आणि किनारपट्टीकडे कदंबच्या इलेक्ट्रिक बस सुटतात. बस एसी असते, बॅगा ठेवायला जागा असते. तिचं वेळापत्रक विमानांशी जुळवलेलं असलं तरी उशिरा रात्री उतरणाऱ्यांनी तिच्यावर भिस्त ठेवू नये. दाबोळीहून वास्कोला जायचं तर बाहेर चिखलीच्या रस्त्यावर आलात की साधी बस मिळते, पाच-सहा किलोमीटरचं तर अंतर.

रेल्वेची जोड हवी असेल तर मोपाला पेडणे किंवा थिवी ही कोकण रेल्वेची स्थानकं, पण विमानतळ ते स्थानक टॅक्सीच करावी लागते. दाबोळीचं रेल्वे स्थानक विमानतळाला अगदी लागून आहे, मात्र तिथे थोड्याच गाड्या थांबतात. वास्कोला किंवा सरळ मडगावला गेलेलं बरं. रेल्वेगाडीतून उतरून त्याच दिवशी विमान पकडायचं असेल तर पावसाळ्यात चार तासांखाली जोड ठेवू नये. जूनपासून कोकण रेल्वेच्या वेळापत्रकात वेग कमी केलेला असतो, दरड आली तर तेही पाळलं जात नाही.

सिंधुदुर्गातल्या वाचकांसाठी थोडं वेगळं. मोपाहून बांदा हाकेच्या अंतरावर, सावंतवाडी अर्ध्या-पाऊण तासावर. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, अडीच किलोमीटरची धावपट्टी आहे, पण उड्डाणं मोजकी आणि मुंबईची सेवा सातत्याने टिकली नाही. मोपाला दिवसाला अनेक शहरांची विमानं असताना चिपीला एका उड्डाणावर विसंबून राहणं म्हणजे एसटीच्या शेवटच्या गाडीवर लग्नाला निघण्यासारखं. चिपीची वेळ जमली तर जरूर घ्या, कुडाळ-मालवणच्या माणसाला घरच्या अंगणात उतरल्यासारखं वाटेल. पण परतीचं तिकीट मोपाचं असलेलं बरं. मोपात तळ असलेली फ्लाय९१ ही छोट्या एटीआर विमानांची कंपनी मार्च २०२४ मध्ये सुरू झाली आणि जळगाव, सिंधुदुर्ग, अगत्ती अशा ठिकाणांना जोडते. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात, मोठ्या विमानात सहज मावणारी केबिन बॅग तिथे मावत नाही, हे पॅकिंग करतानाच बघावं.

गोव्याहून निघताना बॅगेत काय जातं यावरून काउंटरवर रोज वाद होतात, म्हणून थोडक्यात. सीलबंद, दुकानातल्या मूळ पॅकिंगमधली दारू २४ ते ७० टक्के अल्कोहोलची असेल तर माणशी ५ लिटरपर्यंत चेक-इन बॅगेत चालते. फेणी या गटात मोडते. मात्र पाण्याच्या बाटलीत भरून दिलेली घरगुती हुर्राक किंवा फेणी कुठेही चालत नाही, सील नसेल तर ती काढून टाकतात. बाटल्यांना आधी पिशवी, मग कपडे, आणि बॅगेच्या मधोमध. कडेला ठेवलेली बाटली फुटते. विमान कंपनीने परवानगी दिली म्हणजे राज्याच्या अबकारी नियमातून सुटलो असं नाही, परवाना आणि बिल जवळ ठेवावं. मोपाला उतरून मोटारीने सिंधुदुर्गात जाणाऱ्यांनी तर हा मोह टाळावाच. इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते आणि गोव्याची दारू महाराष्ट्रात नेणं हा तिथे गंमतीचा विषय नाही. आगळ, कोकम सरबत, माशाचं लोणचं हे द्रव किंवा तेलकट प्रकार केबिनमध्ये नेऊ नयेत, चेक-इनमध्ये टाकावेत, झाकणाला टेप लावून. सुकं खोबरं मात्र चेक-इनमध्येही घेत नाहीत. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. पॉवर बँक उलट फक्त केबिनमध्ये.

चुकीच्या विमानतळावर पोचलात तर? हे वाटतं त्याहून जास्त वेळा होतं, विशेषतः टॅक्सीवाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ सांगितल्यावर. देशी उड्डाणाला बॅग घेणारा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. म्हणजे सुटायला तीन तास शिल्लक असतील तरच दुसऱ्या टोकाला धाव घेण्यात अर्थ आहे, आणि तेही दुपारी किंवा रात्री उशिरा. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत पर्वरी ओलांडून वेळेत पोचण्याची आशा धरू नये. त्याऐवजी लगेच कंपनीच्या ॲपवर जाऊन, बदलाची मुदत उरली असेल तर, तिकीट बदलावं. ती मुदत उलटली की ‘नो-शो’ लागतो आणि मग परत मिळतात ते बहुधा फक्त कर.

आणखी एक. विमान कंपन्यांचं वेळापत्रक मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. याच वेळी दाबोळीची उड्डाणं मोपाला किंवा उलट हलवली जातात, आणि आधी काढलेल्या तिकिटावर तीन अक्षरं गुपचूप बदलतात. एसएमएस येतो, पण त्यात वेळेतला बदल ठळक असतो, विमानतळाचा नाही. दिवाळीचं तिकीट जुलैत काढलं असेल तर ऑक्टोबर अखेरीस पीएनआर उघडून जीओआय की जीओएक्स ते पुन्हा वाचावं, आणि न्यायला येणाऱ्यालाही ‘गोवा विमानतळ’ न सांगता गावाचं नाव सांगावं.